बेसूर माणसाने मंडळीत गावं का?

पत्राचा सारांश : साताऱ्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पंच असलेले गृहस्थ लिहितात. वय 63, एस.टी.च्या कार्यशाळेतून 34 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त. दर रविवारी गीताचा क्रमांक सांगून गीत सुरू करून देणं हे त्यांचं काम, त्यामुळे ते पुलपिटाजवळच्या माईकसमोर उभे असतात. पत्नी गायनमंडळात होत्या आणि त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहून गायच्या. दीड वर्षापूर्वी त्या प्रभूत विसावल्या. चार महिन्यांपूर्वी कीबोर्ड वाजवणाऱ्या तरुणाने उपासनेनंतर दाराशी गाठून सांगितलं, “काका, गीत सुरू झालं की माईकपासून जरा लांब उभे राहा. यूट्यूबवर तुमचा एकट्याचा आवाज वेगळा ऐकू येतो.” त्या दिवसापासून ते नुसते ओठ हलवतात. घरची संध्याकाळची प्रार्थनाही गीताशिवाय होते. ते लिहितात, “ती असताना मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.” त्यांचे प्रश्न असे : देव अंतःकरण पाहतो, मग सुराचं एवढं काय? आणि मी खरोखरच बेसूर असेन, तर गप्प राहणं हीच माझी सेवा नाही का? दुसऱ्या मंडळीत जावं असंही मनात येतं. शेवटी ते सांगतात, की पत्नीचं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक कपाटात आहे. गीतांच्या डोक्यावर तिने पेन्सिलीने ‘का 1’, ‘पां 2’ असं काही लिहिलंय, शब्दांच्या मध्ये बारीक तिरप्या रेघाही आहेत. त्या कशाच्या, ते कळत नाही.

आदरणीय बंधू, सप्रेम सलाम.

त्या मुलाचे शब्द तुम्ही जसेच्या तसे लिहून पाठवलेत हे बरं झालं. तो म्हणाला, माईकपासून लांब उभे राहा. गाऊ नका, असं तो म्हणाला नाही. मधली वाट तुमचं मन एकटंच चालून गेलं. इतकी वर्षं मंडळीपुढे गळा मोकळा करून गायलेल्या माणसाला हे लागणारच. आणि अशी गोष्ट दाराशी उभ्या उभ्या उरकायची नसते, घरी येऊन चहाच्या कपावर सांगायची असते, हेही खरं. पण त्याची तक्रार माईकची होती आणि त्याच जागी ती रास्त आहे.

हिशेब करून पाहा. तुमचं तोंड माईकपासून वीतभर अंतरावर आणि मंडळीची पहिली रांग दहा-बारा फुटांवर. अंतर दुप्पट झालं, की माईकपाशी पोचणारी आवाजाची ताकद चौथाईवर येते. म्हणजे साठ माणसं गात असली तरी माईकच्या दृष्टीने तुम्ही एकटेच गात असता. चर्चमध्ये बसलेल्याला तसं ऐकू येत नाही. त्याच्या कानावर सगळे आवाज भिंतींवरून, छतावरून एकमेकांत मिसळून येतात. एखाद्या तयारीच्या गवयालाही साठ जणांच्या गाण्यात असं वीतभरावरून टिपलं, तर तोही उपराच ऐकू येईल. तेव्हा गीताचा क्रमांक सांगा, पहिली ओळ वाचा, माईकचं बटण बंद करा आणि दोन पावलं मागे येऊन गा. एवढंच काम होतं.

तरीही सूर हलत असेल, ही शक्यता उरतेच. तिच्याकडे डोळेझाक करून तुमचं समाधान होणार नाही. मला त्याची तीन कारणं दिसतात, आणि तिन्ही तुमच्याच पत्रात आहेत.

पहिलं कारण तुमच्या डाव्या हाताला उभं असायचं. मंडळीत गाणारे बहुतेक लोक पेटीवरून सूर धरत नाहीत, शेजारच्या माणसाकडून धरतात. त्यातही बाईच्या आवाजावरून पुरुष नकळत एक सप्तक खाली सूर उचलतो, आणि ती पुढच्या ओळीला वळायच्या आत तिच्या श्वासावरून याला कळतं, की आता वळायचं. इतकी वर्षं तुम्ही तसे गात आलात. ‘ती असताना कुणी म्हटलं नव्हतं’ हे तुम्ही मंडळीचा बदललेला स्वभाव म्हणून लिहिलंय. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. तुमचा कान तेव्हाही चांगला होता आणि आजही आहे. ज्या आवाजाला तो टेकून उभा होता, तो आवाज आता शेजारी नाही.

दुसरं कारण पट्टीचं, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरून गायचं त्याचं. तरुणांच्या नव्या गायनसंघात मुलगी मुख्य गाते, असं तुम्ही लिहिता. मुलींना काळी चारची पट्टी, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर ‘सा’, सोयीची पडते. त्या पट्टीत कडवं षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या आसपास फिरत असेल, तर पुरुषाला ते एक सप्तक खाली घ्यावं लागतं आणि आवाज तळाला खरडतो. मुलीच्याच सप्तकात घ्यायला गेलं, तर तो टिपेला जाऊन फाटतो. मग पुरुष मधेच कुठेतरी लोंबकळतात. हे एकट्या तुमचं नाही. येत्या रविवारी पुरुषांच्या बाजूला कान द्या. निम्मे कडव्यात गप्प असतील आणि ध्रुवपदाला एकदम उसळतील.

तिसरं, तुमची 34 वर्षं. इंजिनं, ग्राइंडर, पत्र्यावर हातोडा. अशा आवाजाने कान झिजतात ते आधी 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तीक्ष्ण स्वरांच्या भागात. बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ ही अक्षरं निसटतात, आणि मुख्य म्हणजे गोंगाटातून एक आवाज वेगळा काढता येत नाही. स्पीकर मोठा असला की स्वतःचा आवाज स्वतःला सापडत नाही, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की सूर चढतो. घरी टी.व्ही.चा आवाज इतरांपेक्षा मोठा लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन एकदा ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) काढून घ्या. तपासणीला दुखत नाही, फार वेळही लागत नाही. श्रवणयंत्र लागलंच, तर सांगून त्यात संगीतासाठीची वेगळी सेटिंग करून घ्या, कारण साधी सेटिंग बोलण्यासाठी असते आणि तिच्यात पेटीचा सूर चिरका लागतो.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येते. देव अंतःकरण पाहतो, हे वचन पहिल्या शमुवेलच्या 16व्या अध्यायातलं, 7व्या ओवीतलं. इशायाचे उंचेपुरे मुलगे मागे राहिले आणि मेंढरं राखणारा धाकटा दावीद निवडला गेला, तो हा प्रसंग. पण अध्याय तिथे संपत नाही. 18व्या ओवीत शौल राजाचा एक चाकर त्याच मुलाची शिफारस करतो, तेव्हा पहिली गोष्ट सांगतो ती ही, की तो वीणा वाजवण्यात निपुण आहे. ज्याचं अंतःकरण देवाने पाहिलं, त्यानेच मेंढरांमागे फिरताना बोटं घासून हात बसवला होता. अंतःकरण आणि सराव यांची फारकत आपण करतो. त्या अध्यायाने केलेली नाही.

पवित्र शास्त्रात देव गाणं नाकारतो असं एक ठळक ठिकाण आहे, आमोसाच्या 5व्या अध्यायात. तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, असं तिथे म्हटलंय. कारण लगेच पुढच्या ओवीत येतं : न्याय पाण्यासारखा वाहू द्या. गरिबाला वेशीत नाडून येऊन गायलेलं गाणं त्याला नको होतं. सूर चुकला म्हणून देवाने कुणाचं गाणं परत पाठवलं, असं एकही ठिकाण मला माहीत नाही. तेव्हा ‘देव स्वीकारेल का’ ही भीती तुम्ही मनातून काढून टाका.

पण मंडळीतलं गाणं नुसतं वर जात नाही. कलस्सैकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात, 16व्या ओवीत पौल स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक गायनाबद्दल लिहितो, तेव्हा देवाला गा म्हणतो आणि त्याच वाक्यात एकमेकांना शिकवा, बोध करा असंही म्हणतो. इफिसकरांच्या पत्रात 5व्या अध्यायात तर गीतांनी एकमेकांशी बोला, असंच आहे. गाण्याच्या या दोन दिशा आहेत. ‘देव अंतःकरण पाहतो’ हे वरच्या दिशेचं उत्तर झालं. आडव्या दिशेला शेजारचा माणूस आहे आणि त्याला अंतःकरण दिसत नाही, त्याला फक्त ऐकू येतं. त्याच्यासाठी म्हणून सूर नीट लावायचा. जेवायला येणाऱ्यासाठी ताट पुसून घेतो, तसं. आणि याच दिशेने पाहिलं तर ओठ हलवणंही बसत नाही. तुमच्या मागच्या बाकावर कुणीतरी आहे, ज्याला गीताचे शब्द तुमच्या तोंडून ऐकायची सवय आहे. गेले चार महिने त्याच्या वाट्याचा बोध तुम्ही अडवून ठेवलाय.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1761 साली गाणाऱ्या लोकांसाठी काही सूचना छापल्या. त्यातली एक अशी, की नम्रपणे गा, इतरांच्या वर आपला आवाज काढू नका, नाहीतर मेळ बिघडतो. त्याच यादीत दुसरी अशी, की अर्धमेल्यासारखं गाऊ नका, दम लावून गा. आणि एक अशी, की सगळ्यांनी गा, जड वाटलं तरी क्रूस समजून गा. एकाच कागदावर एकाच माणसाने हे तिन्ही लिहिलं, कारण मंडळीत तिन्ही तऱ्हेचे लोक असतात. पहिली सूचना त्या मुलाच्या बाजूची आहे, तिसरी तुमच्यासाठी. मधली तर सगळ्या मंडळ्यांच्या भिंतीवर लावावी अशी.

‘येत नसेल त्याने गप्प बसावं’ हा विचारही नवा नाही. चौथ्या शतकात लावदिकीया इथल्या परिषदेने नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी चर्चमध्ये गाऊ नये, असा नियम केला होता. गाणं शुद्ध राहावं हा हेतू असेल, पण पुढची कित्येक शतकं पश्चिमेकडच्या चर्चमध्ये लोक लॅटिन गाणं ऐकत उभे राहिले. 1524 साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या गीतांची पहिली छोटी पुस्तकं निघाली आणि चर्चमधलं गाणं पुन्हा लोकांच्या बोलीत, लोकांच्या तोंडी आलं. त्याच्याही आधीचं पाहायचं, तर रोमी अधिकारी प्लिनीने साधारण 112 साली सम्राटाला कळवलं होतं, की हे लोक ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. पेटी नाही, माईक नाही. पकडले गेले तर शिक्षा. ते सगळे सुरात होते की नाही, याची नोंद त्याने केलेली नाही.

दुसरी बाजूही शास्त्रातच आहे. पहिल्या इतिहासाच्या 25व्या अध्यायात मंदिरातल्या शिकलेल्या गायकांची संख्या दिली आहे, 288. गाणं ही शिकायची गोष्ट आहे, हे त्यावरून दिसतं. पण पुढचीच ओवी फार सुंदर आहे. पाळ्या ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या त्या लहानथोर, गुरू आणि शिष्य यांना सारखंच धरून. कच्च्याला वगळलं नाही, त्याला पाळी दिली. तरुण संघाने ही ओवी सरावाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

आता कपाटातलं पुस्तक बाहेर काढा. ‘का 1’ म्हणजे बहुधा काळी एक आणि ‘पां 2’ म्हणजे पांढरी दोन. तुमच्या पत्नीने कुठलं गीत कुठल्या पट्टीत घ्यायचं, ते लिहून ठेवलंय. शब्दांच्या मधल्या तिरप्या रेघा श्वासाच्या असणार. गाणारे लोक अशाच खुणा करतात, की इथे श्वास घ्यायचा, त्याआधी तुटायचं नाही. म्हणजे ज्या पट्टीत तुम्ही दोघं वर्षानुवर्षं गायलात आणि जिथे ती श्वास घ्यायची म्हणून तुम्हीही घ्यायचात, ते सगळं तुमच्याकडे लिहिलेलं आहे.

त्यावरूनच सराव करा. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. उठल्या उठल्या आवाज जड असतो, म्हणून संध्याकाळची वेळ बरी, प्रार्थनेच्या आधीची. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या. खरा तानपुरा हवा तर मिरज आपल्यापासून लांब नाही, पण एवढ्या कामाला मोबाईल पुरतो. मात्र मोबाईलच्या स्पीकरवर खर्ज (खालचे सूर) धड ऐकू येत नाही, म्हणून इअरफोन लावा आणि तो एकाच कानात. दुसरा कान स्वतःचा आवाज ऐकायला मोकळा हवा. पट्टी काळी एक, पहिली तार पंचमाची (‘प’ची), आवाज हलका.

पहिला आठवडा शब्द नाहीत. चार श्वास नुसतं ऐका. घाई इथेच होते. बेसूर म्हणवले जाणारे बहुतेक लोक ऐकायच्या आधीच सूर लावून मोकळे होतात. मग ओठ मिटून ‘म्’ असा हुंकार, बोलण्याच्या आवाजाहून मोठा नाही. सूर जवळ आला पण जुळला नाही, तर दोन आवाज एकमेकांवर घासल्यासारखी एक थरथर जाणवते. हुंकार खालून अगदी सावकाश चढवत न्या. थरथर मंद होत जाते आणि एका जागी थांबते. ती जागा म्हणजे षड्ज. तिथे श्वास संपेपर्यंत राहा. तळहाताचा द्रोण करून मोकळ्या कानामागे धरलात, तर आपला आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो.

दुसऱ्या आठवड्यात ‘आ’ लावून सा, रे, ग आणि परत. मग सा वरून थेट पंचम. या उडीत बहुतेक जण थोडे खालीच पडतात, कारण गळा जागेवर पोचायच्या आत तोंड उघडतं. पंचम आधी मनात ऐका, मग घ्या. तिसऱ्या आठवड्यापासून तिच्या पुस्तकातलं एक तोंडपाठ गीत, तिने लिहिलेल्या पट्टीत, फक्त ध्रुवपद आणि पहिलं कडवं. श्वास तिच्या रेघांवर घ्या. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून दोनच जागा तपासा, ओळीचा पहिला स्वर आणि शेवटचा. शेवटचा खाली बसत असेल, तर दोष कानाचा नाही, श्वास अपुरा पडतोय. मग एक रेघ तुमची तुम्ही वाढवा. वयाप्रमाणे श्वास आखूड होतो, त्यात कमीपणा नाही.

हे करताना एखाद्या ओळीला गळा दाटून येईल. तो आला की सूर राहत नाही, कारण रडू येताना गळ्याचे स्नायू स्वरयंत्राला नीट मिटू देत नाहीत. जोर करू नका, थांबा. मंडळीत असाल तर उरलेली ओळ बाकीचे म्हणतील, तुम्ही पुढच्या ओळीला मिळा. सगळ्यांनी मिळून गाण्याचा हाच तर उपयोग आहे. 88वं स्तोत्र सुरू होतं ते रडण्याने आणि संपतं ते अंधारात, तरी ते गायकांच्या हवाली केलेलं आहे. आणि प्रभूने स्वतः शेवटच्या भोजनानंतर शिष्यांबरोबर गीत म्हटलं आणि मग तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला. वल्हांडण या यहुदी सणाच्या रिवाजाप्रमाणे ते गीत म्हणजे 113 ते 118 या स्तोत्रांपैकी शेवटची स्तोत्रं असावीत. पुढे काय आहे हे त्याला ठाऊक होतं. बरोबर गाणारा पेत्र पहाटेच्या आत त्याला नाकारणार होता, त्यालाही त्याने गाऊ दिलं. मन प्रसन्न असेल तेव्हाच गाणं खरं, असं मानणाऱ्या सगळ्या वाचकांनी ती रात्र आठवावी. स्तुतीचा यज्ञ आणि ओठांचं फळ हे इब्री 13 मधले शब्द आहेत, आणि यज्ञात आपलं काहीतरी जातंच.

आता थोडं तरुण संघासाठी, आणि अशाच पेचात असलेल्या इतर मंडळ्यांसाठी. गीताची पट्टी मुख्य गायिकेच्या सोयीने ठरवू नका, मंडळीच्या सोयीने ठरवा. कीबोर्डवर गीताचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा. खालचा काळी पाचच्या खाली जाऊ नये आणि वरचा एक सप्तक वरच्या काळी पाचच्या पुढे येणाऱ्या पांढरी दोनच्या, फार तर काळी दोनच्या वर जाऊ नये. बायका त्या सप्तकात गातील, पुरुष एक सप्तक खाली, आणि दोघांनाही झेपेल. षड्जापासून तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) जाणारं गीत काळी चारमध्ये घेत असाल, तर ट्रान्सपोजचं बटण दोनदा वर दाबून काळी पाचला न्या. कडव्यात गप्प बसलेले पुरुष तिथेच तोंड उघडतील. सकाळी लवकरची उपासना असेल, तर अर्धा सूर खाली.

स्पीकरची कसोटी अशी. मधल्या बाकावरच्या माणसाला दोन माणसं सोडून बसलेल्याचं गाणं ऐकू आलं पाहिजे. येत नसेल, तर आवाज कमी करा. स्पीकर मोठा असला की अर्धे लोक गाणं सोडतात आणि उरलेले ओरडतात. शेवटचं कडवं दर रविवारी वाद्यांशिवाय घ्या. पहिले दोन-तीन रविवार लोक बिचकतील, मग त्यांना मंडळीचा आवाज सापडेल. यूट्यूबसाठी एक माईक लोकांकडे तोंड करून, कुणाच्याही तोंडापासून आठ-दहा फूट लांब लावा. घरी आजारी पडून उपासना पाहणाऱ्या आजीला तीन जणांचं गाणं नको असतं, तिला तिची मंडळी ऐकायची असते. आणि शेजारी कुणी बेसूर गात असेल, तर मान वळवून पाहू नका. त्याच्या कानाशी थोडं स्पष्ट गा, मोठ्याने नव्हे. दोन कडव्यांत तो तुमच्या सुराला लागलेला दिसेल.

आणखी एक सुचवते, दर रविवारी एक तरी भजन जुन्या वळणाने व्हावं. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी झेलायची, टाळ आणि भजनी ठेका. याची बाजू घ्यायचं कारण जुन्याचं कौतुक हे नाही, कारण रचनेत आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा. सहा अक्षरं एका श्वासात साठी उलटलेल्या माणसालाही सहज होतात. ओळ आधी कानावर पडते, मग तोंडात येते, म्हणजे सूर शोधायला वेळ मिळतो. टाळ चुकलेल्याला परत समेवर आणून सोडतो. नव्या गीतांत लांब ओळी आणि मोठ्या उड्या असतात. ती तयार गळ्याला शोभतात आणि त्यांनाही जागा हवी. पण लहानथोर, सुरेल-बेसूर सगळ्यांना एका वेळी पोटात घेणारी रचना आपल्याकडे तयार होती, आणि नारायण वामन टिळकांनी ती ओळखून ख्रिस्ती उपासनेत आणली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला तो तुमच्याच साताऱ्यात. 1919 मध्ये ते गेले. मंडळीच्या तोंडी आज जी भजनं आहेत, त्यातली कितीतरी त्यांची आहेत, हे गायनाला बसणाऱ्या मुलांना तुम्ही सांगू शकाल.

दुसऱ्या मंडळीत जाण्याचं म्हणाल, तर तिथेही माईक वीतभरावरच असणार. आणि तुमच्या डाव्या हाताची ती जागा तिथे तुम्हाला आणखी रिकामी वाटेल, कारण ती कुणाची होती हे तिथल्या कुणालाच ठाऊक नसेल. इथे ठाऊक आहे. गायनमंडळात तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईंना विनंती करा, की माझ्या डाव्या बाजूला उभ्या राहाल का. कारण सांगायची गरज पडणार नाही.

तरुण संघाचा सराव शनिवारी सात वाजता असतो, असं तुम्ही लिहिलंय. येत्या शनिवारी जा. तक्रार घेऊन नको, पुस्तक घेऊन. त्या मुलाला ‘का 1’, ‘पां 2’ दाखवा आणि यातलं एक गीत रविवारी याच पट्टीत वाजवशील का, असं विचारा. तो वाजवत असताना कीबोर्डच्या उजव्या बाजूला उभे राहा, स्पीकरच्या समोर नको, आणि पहिल्या ओळीला नुसतं ऐका.